माजघरापर्यंत कोण जातं?

घराच्या आठवणी हा कादंबरीचा विषय, फार तर माहितीपटाचा. व्हिडिओ गेमनं त्याला हात लावू नये, असं आपल्याकडचा वाचता-लिहिता माणूस सहज बोलून जातो. नांदेड-लातूरकडे तर हे मत इतकं पक्कं आहे की त्याला उत्तर द्यावं असंही कुणाला वाटत नाही. मला वाटतं. कारण या मतामागं गेमबद्दलचं अज्ञान थोडं आहे आणि घराबद्दलचं जास्त.

अज्ञान आधी संपवू. आपल्या वर्तमानपत्रांत ‘गेम’ हा शब्द येतो तो एक तर कर्जबाजारी पोराच्या बातमीत, नाही तर पोलिसांच्या बातमीत. सप्टेंबर 2020 मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा लातूरच्या वसतिगृहांत लेकरं ठेवलेल्या आईबापांनी सुस्कारा सोडला असणार. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोही बऱ्याच घरांना उशिरा आलेला वाटला. ही भीती खोटी नाही. पण कीर्तन आणि जादूचे प्रयोग एकाच मंडपात होतात म्हणून कीर्तनकाराच्या पिशवीत ससा शोधायचा नसतो. रमीचं ॲप आणि मी ज्या गेमबद्दल बोलतोय त्यांच्यात पडदा सोडला तर काहीच सामायिक नाही.

ऑगस्ट 2013 मध्ये ‘गॉन होम’ नावाचा गेम आला. साल 1995, अमेरिकेच्या ओरेगन राज्यातलं एक मोठं घर. युरोपातून परतलेली थोरली मुलगी रात्री दारात उभी आहे आणि घरात कुणी नाही. ना गोळीबार, ना गुण, ना घड्याळ. खोल्याखोल्यांतून फिरायचं, खण उघडायचे, चिठ्ठ्या वाचायच्या आणि धाकटी बहीण का निघून गेली, बापाचं लेखन का फसलं, बापाच्या ज्या काकाकडून हे घर वारशानं आलं त्याच्यापासून घरचे तोंड का लपवत होते, हे आपलं आपण जोडत जायचं. 2017 मधला ‘व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच’ त्याच्या पुढं गेला. त्यात एका कुटुंबातल्या मेलेल्या माणसांच्या खोल्या जशाच्या तशा ठेवलेल्या आहेत. प्रत्येक खोलीत शिरलं की त्या माणसाचा शेवट त्याच्याच अंगात शिरून जगायचा. 2018 मध्ये ब्रिटिश अकादमीनं, म्हणजे बाफ्टानं, त्याला वर्षातला सर्वोत्तम गेम ठरवलं. आणि गंमत अशी, की अशा गेमना सगळ्यात आधी नाकं मुरडली ती गेम खेळणाऱ्यांनीच. ‘नुसतं चालायचं, मग गेम कसला?’ म्हणून त्यांनी ‘वॉकिंग सिम्युलेटर’ अशी शिवी काढली. पुढं बनवणाऱ्यांनी तीच शिवी पाटीवर लावली, तो भाग वेगळा.

विरोधकांची खरी तोफ मात्र याहून मोठी आहे आणि तिला उत्तर द्यायला पाहिजे. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी एप्रिल 2010 मध्ये ठामपणे लिहिलं की व्हिडिओ गेम कला होऊच शकत नाहीत. त्यांचा एक मुद्दा होता, खेळ जिंकता येतो, कला जिंकता येत नाही. ‘गॉन होम’मध्ये जिंकायचं काय, हे कुणी दाखवून द्यावं; तो मुद्दा तिथंच संपला. दुसरा मुद्दा जड आहे. कलाकृतीत कर्ता आपल्याला धरून नेतो. खेळाडूच्या हाती लगाम दिला तर कर्त्याचं उरतं काय? काही महिन्यांनी ईबर्ट यांनीच कबूल केलं की न खेळता असं बोलायला नको होतं. तरी लगामाचा प्रश्न राहतोच. आपल्याकडचे लोक ईबर्टचं नाव न घेता तोच विचारतात. कादंबरीकारानं वाड्यात हात धरून नेलं तर अर्थ लागतो, पोरगं जॉयस्टिक घेऊन भटकलं तर कसला अर्थ?

तर आता वाड्यातच जाऊ. लातूर, नांदेड भागातला जुना वाडा म्हणजे दगडामातीच्या जाड भिंती, वर लाकडी लादनी आणि तिच्यावर मातीचं माळवद. दारातून शिरलं की ढाळज, मग चौक, सोपा, माजघर, देवघर, मागं परसदार. हे वर्णन मराठीत हजारदा छापून आलंय. त्यात एक गोष्ट दरवेळी गाळली जाते: हा नकाशा घरमालकाच्या पोराचा आहे. तोच एकटा दारापासून परसापर्यंत बिनदिक्कत पळत जायचा. सुनेचा वाडा माजघरापासून मागं होता, पुढं फक्त सणावाराला. महिन्याचे चार दिवस तर तिचा वाडा एका कोपऱ्याएवढा व्हायचा. गडी ढाळजेपर्यंत. गावकुसाबाहेरचा माणूस ढाळजेच्याही अलीकडं, आणि त्याच्या ओंजळीत वरून पाणी. मुसलमान इनामदाराच्या घरात मर्दाना-जनान्याची वेगळी रेघ. एक घर, पण त्यात राहणाऱ्या आणि येणाऱ्या माणसांना चार-पाच वेगवेगळी घरं दिसत होती.

घराचा इतिहास म्हणजे कुणाला कुठवर जाता येत होतं त्याचा इतिहास. कादंबरी हे सांगू शकते, आणि थोरांनी सांगितलंय. पण सांगते म्हणजे वाचकाला माजघरात नेऊन बसवते आणि तिथून कळवते की अमक्याला इथं येता येत नव्हतं. वाचक आत आहे! गेममध्ये तसं होत नाही. तुम्ही बलुतेदाराच्या अंगात असाल तर बटण दाबून दाबून अंगठा दुखेल, पाऊल ढाळजेच्या पुढं पडणार नाही. मग त्याच घरात सून होऊन पुन्हा या. आता माजघर उघडं आहे आणि रस्त्यावरचं दार बंद. कर्ता कुठं गेला, विचारता? दारं त्यानंच बंद केलीत की. लगाम खेळाडूच्या हाती दिल्याशिवाय तो ताणला जाताना कळणार कसा?

बंद दारावरून ईडिथ फिंचच्या घरातली गोष्ट आठवते. घरात इतके मृत्यू झालेले की ईडिथची आई त्या खोल्या कायमच्या बंद करून टाकते, आणि पणजी त्या बंद दारांना भोकं पाडून ठेवते, पाहता यावं म्हणून. मराठवाड्याच्या घरांत 1948 ची खोली अशीच आहे. कासीम रझवी हा रझाकारांचा म्होरक्या लातुरात वकिली करायचा. रझाकारांच्या धास्तीनं रातोरात घरं सोडलेल्यांच्या हकिगती आपण 17 सप्टेंबरला दरवर्षी ऐकतो, आणि ऐकायलाच हव्यात. पण हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवर जे गुदरलं ते पाहायला केंद्रानं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या अहवालात सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते (लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होतं), आणि तो अहवाल लोकांसमोर यायला 2013 उजाडलं. आईनं बंद केलेलं दार आणि पणजीनं पाडलेलं भोक, दोन्ही आपल्याकडं आहेत. तरी म्हणायचं की या माध्यमाला इथं विषय नाही?

पुढचा आक्षेप जरा शहाणा आहे. हे गेम कागदांवर उभे आहेत. डायऱ्या, पत्रं, शाळेच्या वह्या, फोटोमागची टिपणं. आमच्या आज्यांनी कुठं डायऱ्या लिहिल्या? बरोबर. 1951 च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातली साक्षरता दहा टक्क्यांच्या आत होती. बायकांची किती असेल त्याचा हिशेब न केलेलाच बरा. ‘गॉन होम’ची नक्कल करून कपाटात मोडी लिपीतली पत्रं पेरली तर तो गेम फार तर देशपांडे-कुलकर्ण्यांच्या घराचा होईल. बाकीच्या गावाचं काय?

बाकीच्या गावाचं जातं आहे. ईडिथ फिंचमध्ये लुईस नावाचा एक पोरगा मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला असतो. खेळाडूचा उजवा हात सतत तेच करतो: मासा उचल, पात्याखाली धर, मुंडकं उडव, पट्ट्यावर फेक. त्याच वेळी डाव्या हातानं लुईसच्या मनातला एक राजकुमार चालवायचा. सुरुवातीला ते मनातलं राज्य पडद्याच्या एका कोपऱ्यात चिमुकलं असतं. हळूहळू ते वाढत जातं, कारखाना झाकून टाकतं, आणि तुमचा उजवा हात मात्र न बघता मासे कापत राहतो. गेमच्या इतिहासातल्या गाजलेल्या प्रसंगांत याची गणना होते. मराठी माणसानं हा प्रसंग पाहिला तर त्याला नवल वाटायचं कारण नाही. पहाटे चारला उठून खुंट्याला हात घालणाऱ्या बाईनं हेच केलं. एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्या हातानं मूठमूठ ज्वारी वैरायची, आणि मन माहेराच्या वाटेला, भावाच्या दारी, पंढरीला. दळण जितकं लांबायचं तितकं मनातलं राज्य मोठं व्हायचं. समोर जाऊ किंवा नणंद खुंट्याला असली तर दोन मनं एका लयीत. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकापासून खेड्याखेड्यांतून या ओव्या गोळा करायला घेतल्या, त्यांचा आकडा लाखावर गेला. आज त्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात आवाजासकट ऐकता येतात.

आता सांगा, ओव्यांचं पुस्तक काढलं तर त्यातून काय जातं? हात जातो. ओव्या छापल्या की ती कविता होते, आपण खुर्चीत बसून वाचतो, वा म्हणतो. दळणाचा भार, खांद्यात भरलेली कळ, ओवीची ओळ संपताना खुंट्याचा अर्धा फेरा उरलेला असणं, यातलं काही कागदावर येत नाही. गेममध्ये येतं. अंगठा गोल फिरवत राहा. थांबलात की ओवी थांबली. ओवीत गुंगलात की पीठ जाडं पडलं आणि सासूची हाक आली. अशा गेमला अक्षरओळख लागत नाही, कपाटातली पत्रं लागत नाहीत. घरातल्या ज्या बाईनं मागं एक ओळ लिहून ठेवली नाही, तिचं दिवसाचं काम हाच तिचा दस्तऐवज, आणि तो उघडायला हात चालवावा लागतो. जात्यावरची ओवी आणि कारखान्यातला लुईस यांची गाठ मला एखाद्या प्रबंधापेक्षा मोठी वाटते. फरक एवढाच की लुईस त्या राज्यातून परत येत नाही. बाई उजाडताना पीठ भरून उठायची.

आता माझ्याच बाजूच्या काही लोकांशी भांडायला पाहिजे. गेमला पाठिंबा देणारे हल्ली भेटतात, पण त्यांना हवा असतो तो ‘वारसा’. पितळी समया, नऊवारी, तुळशीवृंदावन, कडीपाटाचं छत, आणि पार्श्वभूमीला सनई. महाराष्ट्रानं 2025 मध्ये ॲनिमेशन-गेमिंगचं धोरण मंजूर केल्यापासून अशा कल्पनांना भरती आली आहे. मी विचारतो, वारसा म्हणून टिकली कुणाची घरं? 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि त्यानंतरच्या दिवसांत नांदेड, परभणीकडच्या गावांत दलितांची घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा खून झाला. जळालेल्या घराला खण नसतात उघडायला. कणगीतलं धान्य, गोधड्या, लेकराची पाटी, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, सगळं एका रात्रीत गेलं. तिथं ‘वस्तू उचल, आठवण ऐक’ ही सोय चालणारच नाही. पण म्हणून ते घर गेममधून वगळायचं? मग जाळणाऱ्यांचं काम आपण पुढं नेलं. बनवणाऱ्यानं तिथं सोय मोडावी. खेळाडूला आधी ते घर उभं असताना वावरू द्यावं, चूल कुठं, पाण्याचा माठ कुठं हे हाताला सवयीचं होऊ द्यावं, आणि नंतर त्याच जागी काहीच उचलता येऊ नये. सनईवाल्यांना हे आवडणार नाही. नको आवडायला.

किल्लारीच्या भूकंपावरून तर मला सुनावलंच जाईल. मेलेल्यांच्या घरात बटणं दाबत फिरायचं? कोसळत्या दगडांतून जीव वाचवायचा गेम कुणी काढला तर मीही त्याच्या विरोधात उभा राहीन. पण भूकंप म्हणजे फक्त 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3:56 चे काही सेकंद नव्हेत. त्याच्या अलीकडं अनंत चतुर्दशीची रात्र आहे, गणपती बोळवून दमून झोपलेली गावं आहेत. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच जाड माळवद आहे, ज्याच्यावर दर पावसाळ्याआधी बापजाद्यांनी मातीचा थर चढवला आणि जे त्या रात्री अंगावर आलं. आठ-दहा हजार माणसं गेली. वाड्याची हळहळ करणाऱ्यांनी माळवदाच्या गारव्याबरोबर त्याचं वजनही सांगावं, एवढंच माझं म्हणणं.

आणि पलीकडं पुनर्वसन आहे, ज्याच्याबद्दल साहित्यात फार कमी आलं. जागतिक बँकेच्या कर्जातून बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, आणि घरांची तीन मापं: 250 चौरस फूट, 400 आणि 750. माप ठरलं ते घरात माणसं किती यावरून नव्हे, जमीन किती यावरून. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला 250, सात हेक्टरच्या वरच्याला 750. भूकंपानं सगळ्यांना एका पंक्तीत बसवलं होतं, सातबाऱ्यानं पुन्हा पान वेगळं मांडलं.

ऑस्ट्रेलियातल्या विच बीम स्टुडिओचा 2021 मधला ‘अनपॅकिंग’ हा गेम इथं आठवावा. त्यात एका मुलीचं सामान दरवेळी नव्या घरात लावायचं, एवढाच खेळ. 1997 ते 2018, घरामागून घर. एका टप्प्यावर ती मित्राच्या फ्लॅटवर राहायला जाते. त्याच्या वस्तूंनी भिंती भरलेल्या, तिच्या पदवीच्या चौकटीला जागाच नाही. खूप फिरवाफिरव केल्यावर कळतं, ती पलंगाखाली सरकवावी लागणार. त्या नात्याबद्दल गेम एक शब्द बोलत नाही, गरजच उरत नाही. आता तोच खेळ किल्लारीच्या नव्या गावात मांडा. ढिगाऱ्यातून निघालेलं जातं, तांब्याचा हंडा, वाचलेल्यांच्या गोधड्या, गेलेल्यांचे फोटो, वैरणीचा भारा, एक म्हैस, आणि 250 चौरस फूट. लावा. मग 750 मध्ये लावून बघा. पुनर्वसनाच्या अहवालांतून जे सरकारला समजलं नाही ते शाळकरी पोराच्या अंगठ्याला पंधरा मिनिटांत समजेल. यात मृतांचा अपमान कुठं आहे, ते मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. ज्यांच्या घरचे गेले त्यांना विचारून, त्यांच्या होकारानं हे व्हावं, ही अट मात्र मी स्वतःहून घालतो.

घराचा भूतकाळ म्हटलं की वाडाच डोळ्यांपुढं आणायची खोडही मोडायला हवी. लातुरात सगळ्यात जास्त आयुष्यं साठलेली जागा मला विचाराल तर ट्यूशन एरियातली दहा बाय दहाची भाड्याची खोली. ‘लातूर पॅटर्न’नं गेल्या काही दशकांत मुखेड-देगलूरपासून कुठकुठली लेकरं या खोल्यांत आणून सोडली. दोन वर्षं अकरावी-बारावीची, फार तर एक वर्ष रिपीटचं, की खोली नव्या लेकराला. भिंतीवर चुन्याच्या खालून डोकावणारी सूत्रं, आवर्त सारणीच्या चिकटपट्टीचे चार डाग, दाराआड मोजलेले परीक्षेचे दिवस, कुणाचं तरी कोरलेलं नाव. 2016 ची बॅच या खोलीत बादल्या मोजत राहिली असेल: मार्चमध्ये पाण्याच्या जागांभोवती जमावबंदी लागलेली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आलेली. 2020 ची बॅच गादी-पुस्तकं टाकून गावी पळाली असेल. खोली तीच, मालकीणही तीच, जिन्यावर वाजणारी तिची चप्पलही. डॉक्टर झालेला आणि न झालेला, दोघं एकाच खिळ्याला शर्ट अडकवून गेले. या खोलीची कादंबरी लिहायला बसलात तर नायक कोण, हाच पेच पडेल. गेमला नायक लागत नाही, खोली पुरते.

हे करणार कोण, आणि कुणाकडं एवढे महागडे कॉम्प्युटर आहेत, हा शेवटचा बचाव. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये ‘राजी’ काढून दाखवला. गोव्याच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हनं 2021 मध्ये ‘फरगॉटन फील्ड्स’ केला, त्यात एक लेखक विकल्या जाणाऱ्या लहानपणच्या घरी शेवटचं जाऊन येतो. म्हणजे विषयाच्या इतकं जवळ आपल्या शेजारचं माणूस येऊन गेलंय. कॅनडातल्या तमिळ आईच्या स्वयंपाकघरावरचा ‘वेण्बा’ 2024 मध्ये बाफ्टाचा पदार्पणाचा पुरस्कार घेऊन आला, आणि त्यात मुख्यतः काय करायचं असतं, तर फाटक्या वहीवरून इडली आणि बिर्याणी जमवायची. ‘फ्लॉरेन्स’ तर 2018 मध्ये फोनसाठीच केलेला, अर्ध्या-पाऊण तासाचा, जवळजवळ शब्दांशिवाय. तसला फोन आज रोजगार हमीच्या कामावरच्या बाईच्याही कमरेला असतो.

उरतं ते एक म्हणणं, की आधी साहित्यातून हे सगळं नीट येऊ द्या, मग गेमचं बघू. 1948 मध्ये दहा वर्षांचं असलेलं लेकरू आता नव्वदीकडं झुकलंय. किल्लारीच्या वेळी तिशीत असलेली सून साठी ओलांडून गेली. या लोकांकडं मुलाखतकार गेले ते ‘काय झालं होतं?’ विचारायला. हा प्रश्न ऐकला की माणूस एक तर गप्प होतो, नाही तर दहादा सांगून गुळगुळीत झालेली हकिगत पुन्हा सांगतो. गेम करणाऱ्याला वेगळंच विचारावं लागतं. जातं कुठल्या भिंतीला होतं? दार आत उघडायचं की बाहेर? कडी कुठल्या हाताला? रात्री उठून पाणी प्यायला किती पावलं जायचीस, आणि वाटेत कुणाचं अंथरूण ओलांडायला लागायचं? सनावळ्या विसरलेल्या म्हातारीलाही याची उत्तरं येतात. हे प्रश्न आजवर तिला कुठल्या लेखकानं विचारले, ते आक्षेप घेणाऱ्यांनी आधी सांगावं.